आंतरजालावरील जुने ग्रंथ आणि पाठशुद्धीचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्या शिक्षकाची जुनी तक्रार अशी की, अभिजात ग्रंथांची नावे तो विद्यार्थ्यांस सांगू शकतो. ग्रंथ मात्र त्यांच्या हाती देऊ शकत नाही. इंदूर, वडोदरा वा हैदराबाद येथे जुन्या प्रतीची पाने हात लावताच तुटतात आणि नवी आवृत्ती मिळेलच अशी खात्री नसते. अशा स्थितीत हे ग्रंथ आंतरजालावर विनामूल्य मिळू लागले, ही गोष्ट आम्ही सामान्य समजत नाही. परंतु ग्रंथ मिळणे आणि तो विश्वसनीय रूपात मिळणे यांत अंतर आहे, आणि त्याचा विचार आपल्या वर्तुळात व्हावा तितका झालेला नाही.

प्रथम हक्कासंबंधी. १९५७ च्या कायद्याने लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षे राखला होता. १९९२ साली ही मुदत ६० वर्षे झाली. ती मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. १९१९ साली निवर्तलेले हरिभाऊ आपटे व राम गणेश गडकरी यांचे ग्रंथ त्यामुळे केव्हाच सर्वांचे झाले. वडोदरा संस्थानच्या सेवेत राहून ‘रियासत’ लिहिणारे गो. स. सरदेसाई १९५९ साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०२० पासून मुक्त झाले. मात्र नव्या आवृत्तीतील संपादकाच्या प्रस्तावनेवर व टीपांवर त्याचा हक्क स्वतंत्र असतो. जे फुकट दिसते ते सर्व मुक्त असते, असे नव्हे.

आता पाठासंबंधी. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या योजनेत छायांकित झालेले अनेक मराठी ग्रंथ आज ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर आहेत. त्यांच्या नोंदी बहुधा रोमन लिपीत व पुष्कळदा अशुद्ध. कोठे पान गळालेले, कोठे तिरके. तरीही छायांकनाचा गुण मोठा आहे : मूळ मुद्रित पान वाचकासमोर असते. मराठी विकिस्रोतावर छायेशेजारीच टंकित पाठ ठेवून तो तपासण्याची सोय आहे. ही पद्धत आम्हांस सर्वांत निर्दोष वाटते. खरा धोका तिसऱ्या प्रकारात आहे. कोणती आवृत्ती, कोणी टंकित केली, काय गाळले, याचा उल्लेखही न करता जो पाठ पुढे येतो, त्यावर विद्यार्थी मूळ समजून विसंबतो.

उदाहरण शुद्धलेखनाचेच घेऊ. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. हरिभाऊंच्या कादंबरीचे नाव मात्र ‘पण लक्षांत कोण घेतो!’ असे छापले जाई. नव्या पद्धतीने शोध घेणाऱ्यास जुन्या पद्धतीची नोंद सापडत नाही, ही लहान अडचण झाली. मोठी अडचण अशी की, ‘गेलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘गेले’ हे पुल्लिंगी अनेकवचन हा भेद जुन्या पानावर डोळ्यांस दिसत असे. टंकलेखकाने मुकाट्याने अनुस्वार काढले, की एकोणिसाव्या शतकातील गद्य आजच्या पोशाखात उभे राहते आणि भाषेच्या इतिहासाचा एक पुरावा नाहीसा होतो. वाचनसुलभतेसाठी नवे लेखन स्वीकारण्यास आमचा विरोध नाही. ते सांगून करावे, एवढेच मागणे.

यंत्रांना बोल लावून हे काम होणार नाही. मुद्रणशोधन हे आपल्या पेशाचेच काम आहे. प्रत्येक केंद्रातील सभासदांनी आपल्या ग्रंथालयातील दुर्मीळ, हक्कमुक्त ग्रंथांची देवनागरी यादी करावी. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून एकेक प्रकरण छायेशी ताडून घ्यावे. यातून शुद्ध पाठ तर सिद्ध होईलच. शिवाय ज्या पिढीने जुने मराठी पान पाहिलेच नाही, ती ते अक्षरशः अक्षर लावून वाचील. ग्रंथ फुकट मिळाला, तरी तो शुद्ध राखण्याचे मोल कोणीतरी द्यावेच लागते. ते देण्याचे दायित्व आपणाकडे येते, असे आम्हांस वाटते.