स्थलांतरितांचे जहाज : रूपक आणि लेखनाचा अवकाश

अलीकडच्या साहित्यविचारात एकोणिसाव्या शतकातील जहाज प्रामुख्याने रूपक म्हणून वावरते. प्रस्थापित स्थळव्यवस्थेबाहेरच्या अवकाशाचे उदाहरण म्हणून मिशेल फुको यांनी १९६७ च्या व्याख्यानात जहाजाचा निर्देश केला. पॉल गिलरॉय यांच्या ‘द ब्लॅक अटलांटिक’ (१९९३) या ग्रंथात जहाज हे खंडांना, संस्कृतींना आणि स्मृतींना जोडणारे मध्यवर्ती प्रतीक ठरले. या मांडण्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या प्रभावाखाली होणाऱ्या वाचनात एक गोष्ट सहज निसटते. जहाज हे रूपक होण्यापूर्वी जागा, पाणी, अन्न आणि उजेड यांच्या वाटपाची एक काटेकोर व्यवस्था होते. जहाजावर निर्माण झालेले लेखनही याच वाटपातून आलेले आहे. ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या स्थलांतरितांच्या जहाजांचे उदाहरण घेतले, तर या विधानाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

हा प्रवास शिडाच्या जहाजाने साधारणतः तीन ते चार महिन्यांचा असे. भाडे भरू शकणारे मोजके प्रवासी कॅबिनमध्ये राहत; सरकारी साहाय्यावर जाणारे शेतमजूर, कारागीर आणि मोलकरणी मधल्या मजल्यावर, म्हणजे ‘स्टीअरेज’मध्ये. तेथे अविवाहित पुरुष पुढच्या भागात, विवाहित जोडपी व मुले मध्यभागी आणि अविवाहित स्त्रिया मेट्रनच्या देखरेखीखाली मागच्या भागात, अशी विभागणी असे. निजण्यासाठी एकावर एक फळ्या. जोडप्याच्या वाट्याला साधारण सहा फूट लांब व तीन फूट रुंद इतकी जागा. प्रौढ माणसाला दिवसाला तीन क्वार्ट, म्हणजे जवळपास साडेतीन लिटर पाणी मिळे. बिस्किटे, खारवलेले मांस, पीठ, मनुका, चहा आणि साखर यांचा शिधा मोजून गटागटाने वाटला जाई. १८४० मध्ये स्थापन झालेल्या वसाहत-भूमी व स्थलांतर आयोगाच्या जहाजांवर या सर्वांवर अधीक्षक वैद्याचे नियंत्रण असे. त्याचे मानधन जिवंत उतरवलेल्या माणशी ठरत असे, ही बाब जहाजावरील नोंदींचे स्वरूप समजून घेताना विसरून चालणार नाही. मोजणी हा त्या जगाचा व्याकरणनियम होता.

याच जगात दैनंदिनी लिहिल्या गेल्या. अँड्र्यू हॅसम यांनी ‘सेलिंग टू ऑस्ट्रेलिया’ (१९९४) या ग्रंथात अशा दैनंदिनींकडे केवळ ऐतिहासिक साधन म्हणून न पाहता कथनाचा एक प्रकार म्हणून पाहिले, हे महत्त्वाचे होय. निरोप, विषुववृत्त ओलांडण्याचा प्रसंग आणि किनारा दिसणे या टप्प्यांनी प्रवासाला आरंभ, मध्य आणि अंत मिळतो. अक्षांश-रेखांश, वारा, जेवण, जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदी रोज त्याच क्रमाने येतात. अनेक दैनंदिनी घरी पाठवण्यासाठीच लिहिलेल्या असतात आणि किनाऱ्यावर पाऊल ठेवताच थांबतात. या रूपबंधाचे विश्लेषण करताना मात्र लेखनाच्या भौतिक अटींचाही विचार करावा लागतो. मधल्या मजल्यावर उजेड मुख्यतः झडपांतून येई. दक्षिण महासागरातील वादळात झडपा बंद केल्या जात आणि दिवसाही अंधार होई. आगीच्या भयाने दिव्यांवर कडक निर्बंध असत. अशा वेळी नोंद दोन ओळींची होते, किंवा होतच नाही. त्या दोन ओळींचे कौतुक ‘संयत शैली’ म्हणून करणाऱ्या वाचकाने ज्या फळीवर बसून त्या लिहिल्या गेल्या तिच्याकडे पाहिलेले नसते. जेथे यातना सर्वाधिक, तेथे लेखन सर्वात तोकडे, असा हा व्यस्त संबंध आहे. ही उणीव लेखकाच्या प्रतिभेची नव्हे, तर त्याला मिळालेल्या अवकाशाची होय.

‘टायकॉन्डेरोगा’ या जहाजाच्या बाबतीत हा व्यस्त संबंध टोकाला जातो. प्रवाशांसाठी दोन मजले असलेले हे मोठे जहाज ऑगस्ट १८५२ मध्ये बर्कनहेडहून सुमारे ७९५ स्थलांतरितांना घेऊन निघाले आणि नोव्हेंबरच्या आरंभी पोर्ट फिलिपच्या उपसागराशी पोहोचले. वाटेत शंभर माणसे दगावली होती. पॉइंट नेपिअन येथे घाईने उभारलेल्या विलगीकरण तळावर आणखी सुमारे सत्तर माणसे मरण पावली. प्रवाशांत बहुसंख्य स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील होते. मेंढपाळीसाठी जमिनी रिकाम्या करून घेण्याच्या मोहिमेने आणि १८४६ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने तो प्रदेश उद्ध्वस्त झाला होता. त्यांच्यापैकी अनेकांची भाषा गेलिक होती. प्रवासी-यादी, मृत्यूंची नोंद आणि पत्रव्यवहार मात्र इंग्रजीत. म्हणजे येथील मौन दुहेरी आहे. उजेड नाही हे पहिले, आणि अनुभवाची भाषा व नोंदीची भाषा एक नाही हे दुसरे. ज्याच्या नावाची नोंद होते त्याला ती वाचता येईलच, याची हमी नाही.

रोगाच्या वर्णनातही हाच पेच आहे. टायफसचा प्रसार उवांमुळे होतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वीच्या वैद्यकाजवळ दूषित हवा आणि अस्वच्छता हीच स्पष्टीकरणे होती. ‘अस्वच्छता’ हा शब्द मात्र निर्दोष नाही. कोंदट मजला, मोजके पाणी आणि वाळू न शकणारे कपडे ही व्यवस्थेची लक्षणे. त्या शब्दामुळे ती प्रवाशांच्या सवयींच्या खात्यावर जमा होतात. व्यवस्थेचा दोष स्वभावाचा दोष म्हणून मांडणे, ही केवळ प्रशासनाची चूक नाही. ती एक कथनयुक्ती आहे, आणि तिची चिकित्सा हे समीक्षेचे काम आहे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. सरकारी साहाय्याने गेलेल्या बहुतेक जहाजांवर प्रौढांचा मृत्युदर कमी होता आणि अधीक्षक वैद्यांची शिस्त त्याला बऱ्याच अंशी कारणीभूत होती, हे रॉबिन हेन्स यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवले आहे. तेव्हा एका भीषण प्रवासावरून सर्व प्रवासांचा निष्कर्ष काढणे अयोग्यच. परंतु सरासरी हाही एक कथनप्रकार आहे, याचे भान ठेवावे लागते. मृतांमध्ये तान्ह्या मुलांचे प्रमाण फार मोठे होते. त्या मुलांच्या वतीने कोणतीही दैनंदिनी बोलत नाही. सरासरीची सत्यता मान्य करूनही, तिच्यात कोणाचा आवाज नाही हा प्रश्न उरतोच.

स्थलांतरिताचे जहाज आणि करारबद्ध मजुरांचे जहाज यांना एका रूपकात कोंबणे तितकेच धोक्याचे. पहिल्याच्या शेवटी जमिनीची वा मजुरीची आशा होती. दुसऱ्याच्या शेवटी वर्षांच्या कराराने बांधलेला मळा. तरी लेखनाच्या अटींची तुलना उपयुक्त ठरते. फिजीला गेलेल्या तोताराम सनाढ्य यांचे ‘फिजीद्वीप में मेरे इक्कीस वर्ष’ १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. जहाजावर वाट्याला आलेली जागा, बिस्किटे आणि पाणी यांचे त्यातील कथन प्रवासानंतर दोन दशकांनी, तेही बनारसीदास चतुर्वेदी यांच्या लेखणीतून आले. तेथे जहाजावरची रोजची नोंद नाही. स्मरण आहे आणि मध्यस्थ आहे. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी भाषक मजुरांचा माग काढतानाही अभ्यासकाला प्रथम भेटतात त्या स्थलांतर-नोंदवह्या : नाव, वय, गाव, अंगावरील खूण. या नोंदवह्यांना युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक स्मृतिठेवा म्हणून मान्यता दिली. परंतु कारकुनाच्या कानाने ऐकलेले आणि परक्या लिपीत उतरवलेले कोकणातले नाव हे त्या माणसाचे आत्मकथन नव्हे.

म्हणून स्थलांतराच्या साहित्याचा विचार करताना ‘काय लिहिले’ या प्रश्नाआधी ‘कोणाला, कोठे बसून, कोणत्या भाषेत लिहिता आले’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. त्याविना जहाजाचे रूपक कितीही व्यापक केले तरी ते कॅबिनमधल्या मेजावरूनच पाहिलेले राहते. झडपेखालच्या अंधाराची संहिता वाचायची तर तुटलेली नोंद, परभाषेतील नाव आणि यादीतला आकडा यांनाही रूपबंधाचा दर्जा द्यावा लागेल. समीक्षेने ही जबाबदारी स्वीकारली, तरच दस्तऐवज आणि साहित्य यांतील प्रचलित सीमारेषा तपासून पाहण्याला काही अर्थ उरतो.