शुक्रवारची रात्र कोणाची?

हर्नडनमध्ये ‘फुटबॉल’ म्हणायचं तर आधी समोर कोण आहे ते बघावं लागतं. ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्यासाठी तो हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळायचा खेळ. एल साल्वादोरहून आलेल्या शेजाऱ्यासाठी तो पायाने खेळायचा खेळ. आणि कोल्हापूरचं कोणी भेटलं तर गप्पा थेट शाहू स्टेडियम आणि पाटाकडील तालमीवर जातात. या लेखापुरतं मी पायाने खेळायच्या खेळाला फुटबॉल म्हणणार आहे आणि दुसऱ्याला अमेरिकन फुटबॉल. अमेरिकेच्या कायद्यात मात्र बरोबर याच्या उलट आहे, आणि आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

या दोन खेळांची तुलना निघाली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. “पैसे बघा ना! लोकांना जे आवडतं त्यालाच टीव्हीवाले पैसे देतात.” आकडे खरंच डोळे दिपवणारे आहेत. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगने २०२१ मध्ये टीव्ही आणि स्ट्रीमिंग कंपन्यांशी ११ वर्षांचे करार केले, एकूण किंमत सुमारे ११० अब्ज डॉलर. फुटबॉलच्या एमएलएस लीगने २०२२ मध्ये ॲपलशी १० वर्षांचा करार केला, त्याची किंमत सांगितली गेली अडीच अब्ज डॉलर. म्हणजे वर्षाला साधारण दहा अब्ज विरुद्ध पाव अब्ज. चाळीस पट. मग निकाल लागलाच की!

मला हा युक्तिवाद अर्धवट वाटतो. प्रेक्षक आहेत म्हणून पैसा येतो, हे खरंच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आलेला पैसा पुढे काय करतो? तो खेळ कधी खेळायचा, किती वेळा थांबवायचा, कोणाच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हे सगळं ठरवतो. आणि तो पैसा कोणाला कसा मिळवता येईल हे आधी कायद्याने ठरवलेलं असतं. त्यामुळे आज दिसणारा चाळीस पटींचा फरक हा लोकांच्या आवडीचा कौल म्हणून वाचताना जरा थांबायला हवं.

कायद्यातले चार खेळ

१९६१ मध्ये एनएफएलने सगळ्या संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र करून सीबीएसला विकले. न्यायालयाने तो करार अडवला. संघ एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, त्यांनी संगनमत करून एकच किंमत लावणं हे मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. एनएफएल थेट काँग्रेसकडे गेली आणि काही आठवड्यांतच स्पोर्ट्‌स ब्रॉडकास्टिंग ॲक्ट मंजूर झाला. ३० सप्टेंबर १९६१ ला केनेडींनी त्यावर सही केली. या कायद्याने हक्क एकत्र विकायची सूट दिली, पण सगळ्या खेळांना नाही. त्यात चार खेळांची नावं लिहिली आहेत: फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि हॉकी. यातला फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. पायाने खेळायच्या खेळाचं नाव त्या यादीत नाही. क्रिकेटचंही नाही.

या सुटीची ताकद लगेच दिसली. १९६० साली एनएफएलला आव्हान द्यायला एएफएल नावाची दुसरी लीग उभी राहिली होती. १९६४ च्या सुरुवातीला एनबीसीने तिच्याशी पाच वर्षांचा ३.६ कोटी डॉलरचा करार केला. त्या पैशाच्या बळावर न्यूयॉर्क जेट्‌सने जो नेमथला चार लाख डॉलरहून जास्त देऊन आपल्याकडे घेतलं. खेळाडूंच्या किमती इतक्या वाढल्या की १९६६ मध्ये दोन्ही लीगांनी विलीनीकरण ठरवलं, आणि त्यासाठीही काँग्रेसने वेगळी सूट दिली. जानेवारी १९६७ मध्ये पहिला सुपर बोल झाला. तो सीबीएस आणि एनबीसी अशा दोन्ही वाहिन्यांनी एकाच वेळी दाखवला, कारण दोघांकडेही आपापल्या लीगचे हक्क होते!

एएफएल उभी करणारे लामार हंट हे या गोष्टीतलं सगळ्यात मजेदार पात्र. ‘सुपर बोल’ हे नाव सुचवल्याचं श्रेय त्यांना देतात. पण हाच माणूस फुटबॉलवरही जीव लावून होता. एनएएसएल या फुटबॉल लीगमधला डॅलस टॉर्नेडो हा संघ त्यांचा. सत्तरच्या दशकात पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला लागला, स्टेडियम भरायला लागली, आणि एनएफएलच्या मालकांना हे खुपायला लागलं. आमच्या लीगमध्ये संघ असेल तर दुसऱ्या खेळात पैसा घालायचा नाही, असा नियम त्यांनी पुढे आणला. एनएएसएल कोर्टात गेली. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने एनएएसएलच्या बाजूने निकाल दिला: खेळात पैसा घालणारे अनुभवी मालक मुळात मोजकेच असतात, त्यांना बांधून ठेवणं म्हणजे स्पर्धकाचा गळा आवळणं.

खटला जिंकला, पण लीग वाचली नाही. एबीसीने काही सामने दाखवून बघितले होते, पण प्रेक्षक जमले नाहीत आणि करार पुढे गेला नाही. भरमसाट खर्च, नको तितके वाढवलेले संघ, अशी घरची कारणंही होतीच. १९८४ च्या हंगामानंतर एनएएसएल बंद पडली.

चेंडू थांबला की जाहिरात

अमेरिकन फुटबॉल दर काही सेकंदांनी थांबतो. जाहिरातदाराला आणखी काय हवं? पायाने खेळायचा फुटबॉल मात्र ४५ मिनिटं सलग चालतो. १९६७ मध्ये सीबीएसने त्याचं प्रक्षेपण सुरू केलं तेव्हा ही अडचण इतकी टोकाला गेली की पीटर ऱ्होड्स या पंचाने सामन्यानंतर सांगून टाकलं, आपण दिलेल्या २१ फाउलपैकी ११ जाहिरातींना वेळ मिळावा म्हणून दिले होते.

हे हसण्यावारी नेऊ नका. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने जाहीर केलं की प्रत्येक सामन्यात, प्रत्येक अर्धात एकदा, तीन मिनिटांची पाणी पिण्याची सुटी असेल. हवा कशीही असो, स्टेडियमवर छत असो नसो. ही घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली, तीही प्रक्षेपकांच्या बैठकीत. खेळाडूंच्या प्रकृतीचं कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही, उन्हाळ्यात ते रास्तच आहे. पण छताखालच्या, एसी लावलेल्या स्टेडियममध्येही खेळ थांबणार असेल तर तहान नेमकी कोणाची, हा प्रश्न विचारायलाच हवा.

कॅलेंडरचंही तसंच. फॉक्सने २०११ मध्ये २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांचे इंग्रजी हक्क घेतले, तेव्हा विश्वचषक उन्हाळ्यातच होणार हे गृहीत होतं. मग कतारची स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ढकलायचं ठरलं, म्हणजे नेमकी एनएफएलच्या ऐन हंगामात. आणि एनएफएल दाखवणारी एक मुख्य वाहिनी कोण? फॉक्सच. फेब्रुवारी २०१५ मध्ये फिफाने २०२६ चे हक्कही फॉक्सला देऊन टाकले, निविदा न काढता. ही त्या गैरसोयीची भरपाई आहे, असंच तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. लक्षात घ्या, तेव्हा २०२६ चा यजमानही ठरलेला नव्हता, तो ठरला २०१८ मध्ये. म्हणजे एका फुटबॉलची अडचण झाली म्हणून दुसऱ्या फुटबॉलचे हक्क लिलावाशिवाय गेले. कतारचा अंतिम सामना रविवारी इथल्या वेळेनुसार सकाळी १० ला सुरू झाला, एनएफएलचे सामने १ वाजता. एमएलएस तर आता २०२७ पासून आपला अख्खा हंगामच फिरवतेय, म्हणजे तिचा अंतिम टप्पा अमेरिकन फुटबॉलच्या गर्दीत न येता मे महिन्यात येईल.

शिवाय ‘अमेरिकेत फुटबॉल कोणी बघत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा इंग्रजीत मोजलेलं असतं. अमेरिकेत टीव्हीवर सर्वाधिक पाहिली जाणारी फुटबॉल लीग वर्षानुवर्षं मेक्सिकोची लीगा एमएक्स राहिलेली आहे, स्पॅनिश वाहिन्यांवर. हर्नडनमध्ये राहून हे कळायला सर्वेक्षण लागत नाही, रविवारी कुठल्याही पुपुसा मिळणाऱ्या हॉटेलात डोकावलं तरी पुरे.

७५ मैलांचं कलम

इतकं वाचून वाटेल की टीव्हीपुढे कोणाचंच काही चालत नाही. पण त्याच १९६१ च्या कायद्यात एक उलटं कलम आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर आणि शनिवारी, जिथे कॉलेजचा सामना आहे त्याच्या ७५ मैलांच्या आतल्या केंद्रावरून व्यावसायिक सामना दाखवला तर ती सूट लागू होत नाही. १९६६ मध्ये यात शाळांचे सामनेही जोडले गेले. शाळा तर गावोगाव आहेत, त्यामुळे व्यवहारात अख्खा देश या कलमाखाली येतो.

म्हणून शरद ऋतूतल्या शुक्रवारी रात्री हर्नडन हायस्कूलच्या मैदानावर दिवे लागतात तेव्हा ‘हॉर्नेट्‌स’च्या पोरांना एनएफएलशी स्पर्धा करावी लागत नाही. आईबाप, आजीआजोबा, बँडवाली मुलं, शेजारी, सगळे तिथे येऊ शकतात, कारण घरच्या टीव्हीवर त्या वेळी मोठा सामना नाही. याला परंपरा म्हणतात, पण या परंपरेच्या पायाखाली कायद्याचं एक कलम आहे.

कलम निर्दोष नाही. ते एकाच फुटबॉलला वाचवतं. व्हर्जिनियातल्या शाळांचा फुटबॉल वसंतात होतो, त्याच्यासाठी असं काहीच नाही. आणि एनएफएल फटी शोधतेच आहे. २०२३ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी ॲमेझॉनवर सामना होतो, पण तो दुपारी ३ ला सुरू करतात, ६ च्या आत. २०२४ मध्ये ब्राझीलमधला सामना ठेवला ६ सप्टेंबरला, म्हणजे पहिल्या शुक्रवारी. त्यात हा कायदा ‘केंद्रा’वरच्या प्रक्षेपणाच्या काळातला, स्ट्रीमिंगचं काय हे त्यात कुठून असणार! तरीही साठ वर्षांनंतर ११० अब्ज डॉलरचा धंदा घड्याळ बघून चालतो, याचं श्रेय त्याच कलमाला.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे भांडण दोन खेळांचं नव्हतं, एकाच खेळाच्या दोन लीगांचं होतं. पण कळीचा मुद्दा तोच. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सला १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांत व्यावसायिक हक्क दिले, प्रक्षेपणासकट. २०१४ मध्ये टीव्हीसाठी बेतलेली आयएसएल आली. आय-लीग आधीपासून होती, पण चांगली वेळ, चांगला कॅमेरा आणि पैसा दुसरीकडे गेला. आयएसएलच मुख्य लीग होणार आणि आय-लीग खाली जाणार, असा आराखडा आल्यावर २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो म्हणजे पाच वेळचा राष्ट्रीय विजेता! पुण्यात २०१२-१३ चा उपविजेता पुणे एफसी त्याआधीच बंद झाला होता. या क्लबांच्या मैदानांसाठी ७५ मैलांचं कुठलंच कलम नव्हतं.

कायदा आपल्याकडेही आहे, २००७ चा. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायलाच हवं, असं तो सांगतो. डिश किंवा केबल नसलेल्या घरातही दूरदर्शनवर भारताचा सामना दिसावा, हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण फरक बघा. आपला कायदा घरात बसलेल्या प्रेक्षकाचा पडदा जपतो. अमेरिकेचं ते कलम गावातलं मैदान जपतं. आपण लोकांना ‘बघणारे’ समजलो, ‘जाणारे’ समजलो नाही.

कोल्हापूर याला अपवाद वाटतं, कारण तिथे तालमी आणि पेठा यांनीच हे काम केलं. टीव्हीची वाट न बघता शाहू स्टेडियम भरतं, आणि त्याच मातीतून अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापर्यंत जातो. पण प्रत्येक गावाला पाटाकडील तालीम मिळत नाही.

हा मुद्दा आत्ता मांडायचं कारण आहे. तो १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधी नव्या हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. ज्या टीव्हीसाठी गोव्याचे क्लब बाजूला सारले, तो टीव्हीच दाराशी आला नाही. आता जो कोणी नवा करार लिहील त्याने त्यात आठवड्यातली एक संध्याकाळ जिल्हा आणि राज्य लीगांसाठी मोकळी ठेवावी, एवढी तरी मागणी करता येईल. अमेरिकेतही १९६१ चा कायदा मोडीत काढा असं अधूनमधून म्हटलं जातं. मोठ्या लीगांची सूट खुशाल तपासा, पण शुक्रवारचं कलम ठेवा, स्ट्रीमिंगला लावा, आणि वसंतातल्या फुटबॉललाही द्या. आपल्यातले जे इथे मत देतात त्यांनी आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला हे लिहायला हरकत नाही.

आणि मत नसलेल्यांसाठी हर्नडन हायस्कूलचं मैदान बेनेट स्ट्रीटवर आहे. सप्टेंबरमध्ये एक फुटबॉल, वसंतात दुसरा.