‘भोवानी जंक्शन’मध्ये बोलते कोण?

जॉन मास्टर्स यांची ‘भोवानी जंक्शन’ (१९५४) ही कादंबरी साम्राज्याच्या अस्ताची प्रेमकथा म्हणून वाचली जाते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेल्या मला ती आधी एका गावाची कादंबरी वाटते, आणि माझी तक्रारही त्याच अंगाने आहे.

भोवानी हे काल्पनिक गाव झाशीवर बेतलेले मानले जाते. काळ १९४६चा. व्हिक्टोरिया जोन्स ही इंजिन ड्रायव्हरची अँग्लो-इंडियन मुलगी. तिच्याभोवती तीन पुरुष : रेल्वेतला पॅट्रिक टेलर, शीख रणजित कासेल आणि इंग्रज कर्नल रॉडनी सॅव्हेज. निवेदन प्रथमपुरुषी आहे. ते पॅट्रिक, व्हिक्टोरिया आणि सॅव्हेज यांच्यात वाटलेले आहे. रणजितला ‘मी’ म्हणायची संधी लेखक देत नाही.

रेल्वेचे गाव हौसेने बहुभाषी होत नाही. शेडला, यार्डाला, कारखान्याला माणसे लागतात. ती मिळतील तिथून येतात. मग घरात एक भाषा, फलाटावर कामचलाऊ हिंदुस्थानी आणि साहेबापुढे तिसरीच, अशी उतरंड तयार होते. मास्टर्सना तिची जाण आहे. व्हिक्टोरियाच्या इंग्रजीतला ‘ची-ची’ हेल हा तिच्या रंगाइतकाच बोचतो. तोंड उघडले की माणसाची पायरी कळते. पण ही जाण इंग्रजीच्या आतच थांबते. खलाशी, फायरमन, गँगमन यांना स्वतःच्या भाषेतले मन मिळत नाही.

कादंबरीचे बळ आहे ते पॅट्रिकच्या भीतीत. ती केवळ वर्णाची नाही, पोटाची आहे. रेल्वे, कस्टम्स, टपाल व तार या खात्यांतील अँग्लो-इंडियनांच्या नेमणुकांना राज्यघटनेच्या ३३६व्या कलमाने दहा वर्षांपुरतेच संरक्षण दिले. राखीव जागा दर दोन वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी घटवायच्या होत्या. कादंबरी छापली गेली तेव्हा ही उलटी मोजणी चालू होती. पॅट्रिकचा उर्मटपणा त्यामुळे क्षम्य ठरत नाही, पण समजतो.

जॉर्ज कुकर यांच्या १९५६च्या चित्रपटात पॅट्रिक मरतो आणि व्हिक्टोरिया कर्नलची होते. कादंबरीत ती पॅट्रिककडे परतते. मला हा शेवट अधिक खरा वाटतो. शीख व्हायला गेलेली ती गुरुद्वारातून विधी पुरा होण्याआधीच पळते. कर्नलच्या जगात तिला जन्मभर आपल्या हेलाचा खुलासा करावा लागला असता. रेल्वे वसाहतीत तो करावा लागत नाही. मात्र याच शेवटाने लेखक प्रत्येकाला आपापल्या डब्यात परत बसवतो. गावाने केलेली वर्गवारी तो अचूक दाखवतो, पण ती ओलांडणारे माणूस त्याला कल्पिता येत नाही.

झाशी हे नेवाळकरांचे, लक्ष्मीबाईंचे संस्थान. तिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. पुढे बोरीबंदरातून चालणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेचे ते मोठे ठाणे झाले. मास्टर्सच्या भोवानीत यातली मराठी मला कुठे ऐकू आली नाही. हा दोष त्यांच्यावर ढकलणे सोपे आहे. पण उद्या आपल्यापैकी कुणी भुसावळवर कादंबरी लिहिली, तर तिच्यात ‘मी’ कोण म्हणेल? तेलुगू गँगमनला, गोव्याच्या गार्डाला, उत्तरेच्या हमालाला ते सर्वनाम आपण देऊ, की त्यांनाही फलाटावरची गर्दीच करून टाकू?