पेरणाऱ्याचा दाखला : बांधावरून केलेले वाचन

पेरणाऱ्याच्या दाखल्यावरील आपली प्रवचने बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : तुम्ही कोणती जमीन आहात? वाट, खडक, काटेरी रान की सुपीक माती? प्रश्न चुकीचा नाही; प्रभू येशूने केलेल्या स्पष्टीकरणातच त्याला आधार आहे. परंतु तो ज्या सुरात विचारला जातो, त्यामुळे आपली जमीन कायमची ठरून गेली आहे असे मानून भाविक घरी जातो. आमच्या मते हा दाखल्यावर अन्याय आहे.

आपल्या शेतकऱ्याला पहिली शंका येते ती अशी की, बी वाटेवर पडलेच कसे? आपल्याकडे ज्वारी-बाजरी पाभरीने पेरतात. मुळशी-मावळात भाताचे रोप चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. पॅलेस्टाइनचा शेतकरी मात्र मुठीने बी विखरून पेरीत असे. अशा पेरणीत काही दाणे वाटेवर, काही काट्यांत जायचेच. म्हणजे चारही जमिनी बहुधा एकाच शेतातल्या. वाट ही निराळी जमीन नव्हे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी घट्ट झालेली तीच माती ती.

शुभवर्तमानकारांची शब्दयोजना येथे बारकाईने पाहण्याजोगी आहे. बी पायांखाली तुडवले गेले, हे एकटा लूक सांगतो (८:५). खडकावरील रोप वाळले, याचे कारण मत्तय व मार्क यांच्या मते माती खोल नव्हती. लूक म्हणतो, ओलावा नव्हता. वापसा पाहून पेरणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पिकाचे माप मत्तय शंभर, साठ, तीस असे उतरत्या क्रमाने देतो. मार्क तीस, साठ, शंभर असे चढते ठेवतो. लूक केवळ शंभरपट म्हणतो आणि स्पष्टीकरणाचा शेवट धीराने फळ देण्यावर करतो. मार्काच्या चढत्या क्रमात आम्हांला आशेचा सूर ऐकू येतो.

यावर कोणी म्हणेल, वाट नांगरली असे दाखल्यात कोठेच नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु पडीक जमीन नांगरा, अशी हाक होशेय संदेष्ट्याने पूर्वीच दिली होती (१०:१२). शिवाय मार्काच्या त्याच अध्यायात, आणि केवळ त्याच्याच शुभवर्तमानात, दुसरा एक शेतकरी भेटतो (४:२६-२९). तो बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. हे दोन्ही उतारे एकत्र वाचावेत. नांगरट, खुरपणी, वेचणी आपल्या हाती. कोंब फुटणे देवाच्या हाती. सकाळची प्रार्थना आणि सायंकाळची रोझरी म्हणजे पीक नव्हे, ती मशागत आहे. ती एक हंगाम चुकली तर रान माजते, एवढे शेतकऱ्याच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते.

हिंजवडीत हे लिहिताना आम्हांला एक प्रश्न टाळता येत नाही. येथील कितीतरी शिवार आज माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या इमारतींखाली आहे. ‘अ’ वर्षातील सामान्य काळाच्या १५ व्या रविवारी हा दाखला वाचला जातो. तो जुलैच्या मध्यास, ऐन भातलावणीच्या दिवसांत येतो. वसई-मुंबईकडील भाविक आजही आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. ज्यांच्या घरी आता विळाही उरला नाही, त्यांनी काय न्यावे?

दाखला त्यांच्यासाठी जुना झाला, असे आम्हांला वाटत नाही; उलट वाटेचा अर्थ त्यांनाच अधिक कळावा. दिवसपाळी, रात्रपाळी आणि प्रवास यांच्या रहदारीने मन घट्ट होते, ते वाईट असते म्हणून नव्हे. अशा मनाला दोष देणारे प्रवचन हा आणखी एक तुडवणारा पाय ठरतो. धर्मगुरूंनी प्रश्नच बदलावा : तुम्ही कोणती जमीन आहात, असे न विचारता, या आठवड्यात किती तास नांगरले, असे विचारावे. कुटुंबाने जेवणापूर्वीची दहा मिनिटे राखली, तरी पहिले तास पडले असे आम्ही समजू.