उत्तरपत्रिकेतील सर्वनाम

दूरस्थ संगणकांवर लिनक्सची स्थापना स्वयंचलित करावयाची म्हणजे स्थापना-कार्यक्रम जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे आगाऊ लिहून ठेवावयाची. डेबियनमध्ये या उत्तरपत्रिकेस ‘प्रीसीड’ म्हणतात, रेड हॅटमध्ये ‘किकस्टार्ट’. मग आरंभमाध्यम म्हणून साधा पेनड्राइव्हही चालतो. त्यात कर्नल, आरंभीची तात्पुरती फाइलव्यवस्था आणि उत्तरपत्रिकेचा पत्ता एवढे पुरते. २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत उभारलेल्या ‘परम ब्रह्म’सारख्या संगणकसमूहाचा विचार केला, की प्रत्येक यंत्रापुढे बसून उत्तरे देणे किती अव्यवहार्य, हे ध्यानी येते.

तथापि या लेखनप्रकारात एक अर्थदोष संभवतो. डिस्कचे ‘एसडीए’ हे नाव वरकरणी विशेषनाम भासते. वस्तुतः ते दर्शक सर्वनाम होय. यंत्रास डिस्क ज्या क्रमाने आढळतात, त्यानुसार त्याचा निर्देश बदलतो. प्रसंगी ते नाव खुद्द पेनड्राइव्हलाच मिळते. समोर बसलेला मनुष्य ‘ही’ म्हणजे कोणती, हे पाहून घेतो. लोणी काळभोरहून दूरच्या यंत्रास आज्ञा देणाऱ्यापाशी तो संदर्भ नसतो. त्यातच डिस्क पुसण्यापूर्वीच्या खात्रीच्या प्रश्नासही उत्तरपत्रिकेत आधीच होकार लिहिलेला असतो. प्रश्नापूर्वी दिलेला होकार ही संमती नव्हे. ती केवळ आज्ञा होय.

सबब, शक्य तेथे डिस्कचा उल्लेख निर्मात्याच्या अनुक्रमांकावर आधारलेल्या नावानेच करावा. खरेदीखतात ‘ती जमीन’ असे न लिहिता गट क्रमांक लिहितात, तो याच कारणाने.