छिद्राला न शिवता

गर्भपिशवी काढल्यावर बाई चार-पाच दिवसांत घरी जाते. सगळं ठीक असतं. मग आठवड्या-दोन आठवड्यांत कधीतरी अंथरूण ओलं होतं आणि त्यानंतर कोरडं राहतच नाही. लघवीला लागल्याची जाणीव नाही, कळ नाही. योनीवाटे ती नुसती गळत राहते. मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडलेलं असतं; त्याला फिस्टुला म्हणतात. बाळंतपणात बाळ अडून होणारा फिस्टुला वेगळा. हा शस्त्रक्रियेतून आलेला. लघवीची पिशवी गर्भाशयाच्या मुखाला पुढून चिकटलेली असते. ती सोडवून खाली सारताना एखादा टाका तिच्यातून जातो, किंवा रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या चटक्याने तिची भिंत भाजते. तो भाग पुष्कळदा त्या दिवशी फाटत नाही. रक्तपुरवठा तुटल्यामुळे हळूहळू मरतो आणि गळून पडतो. मधले कोरडे दिवस ते याचमुळे. हजार शस्त्रक्रियांमागे एखादीच्या वाट्याला हे येतं. पण जिच्या वाट्याला येतं, तिचं एसटीत बसणंसुद्धा सुटतं.

याच फिस्टुलासाठी विल्हेल्म लाट्झको या व्हिएन्नाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९१४ मध्ये एक शस्त्रक्रिया मांडली. पुढे नाझींमुळे देश सोडून तो ब्युनॉस आयर्सला गेला आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, १९४२ मध्ये, एका अमेरिकी शल्यनियतकालिकात त्याने ती पुन्हा सविस्तर लिहिली. शंभर वर्षं उलटली तरी ती टिकून आहे, ती तिच्यातल्या संयमामुळे.

भोक दिसलं की त्याच्या कडा कापून ताज्या करायच्या आणि एकमेकींना जोडायच्या, ही शल्यविशारदाच्या हाताची पहिली ओढ. लाट्झको नेमकी तीच आवरतो. कडा कापल्या की भोक मोठं होतं, आणि विरलेल्या कापडाच्या काठाला टाका धरत नाही. म्हणून तो छिद्राला हातच लावत नाही. काम सगळं भोवतालात.

आता रचना पाहू. हा फिस्टुला योनीच्या अगदी टोकाशी, जुन्या टाक्यांच्या रेषेवर असतो. त्यातून बारीक फोली कॅथेटर आत सारून त्याचा फुगा फुगवतात आणि हलकेच ओढतात. खोलवरचं छिद्र पुढे येतं. मूत्रवाहिन्या शाबूत असल्याची खात्री आधीच केलेली असते. मग छिद्राभोवती, साधारण दोन सेंटिमीटर अंतर राखून, एक वर्तुळ आखायचं आणि त्याचे चार भाग करायचे. एकेका भागावरची योनीची वरची त्वचा तेवढी सोलून काढायची. चौथा भाग झाला की मधोमध छिद्र जसंच्या तसं, आणि त्याच्या पुढे-मागे दोन कच्चे, लालसर पृष्ठभाग समोरासमोर उभे.

इथून पुढे शस्त्रक्रिया फक्त मिटत जाते. पुढची भिंत मागच्या भिंतीवर टेकवायची आणि विरघळणाऱ्या बारीक धाग्याने आडव्या टाक्यांचा पहिला थर घालायचा. सुई लघवीच्या पिशवीच्या अस्तरात शिरता कामा नये. त्यावर दुसरा थर, पहिल्यावरचा ताण उतरवणारा. शेवटी योनीची त्वचा. छिद्र आता दिसेनासं झालं आहे, पण तसं पाहिलं तर ते कुणी बुजवलेलंच नाही. योनीची मागची भिंत त्याच्यामागे जाऊन उभी राहिली, एवढंच. पुढे त्या तुकड्यावर मूत्राशयाचं स्वतःचं अस्तर सरकत येतं. परकी भिंत घरची होते. या कृतीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी ओळ ही. आणि ती शल्यविशारद लिहीत नाही, शरीर लिहितं.

मग निळ्या द्रावणाने पिशवी भरून पाहतात. योनीतला कापूस पांढराच राहिला पाहिजे. त्यानंतर दोन-तीन आठवडे कॅथेटर. हा काळ कंटाळवाणा खरा, पण रचनेचाच भाग आहे: पिशवी भरून ताणली गेली नाही, तरच टाके निवांत सांधतात.

शिकागोच्या व्हिन्सेंट ओकॉनरच्या शस्त्रक्रियेशेजारी ही ठेवली की दोघींचा स्वभाव कळतो. ओकॉनर पोटातून जातो, मूत्राशय वरपासून छिद्रापर्यंत दुभंगतो, फिस्टुला समूळ काढतो आणि दोन शिवणींमध्ये पोटातला चरबीचा पडदा आणून बसवतो. फिस्टुला मोठा असेल, मूत्रवाहिनीही गुंतली असेल, तर हा थाट हवाच. साध्या, एकट्या फिस्टुलाला लाट्झको पुरतो.

त्याच्या मर्यादाही आहेत. योनीची लांबी थोडी घटते. आधीच आखूड झालेल्या योनीत ही बाब स्त्रीशी अगोदर बोलून घ्यायलाच हवी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्या स्त्रीला कधी वर्षांनंतरही फिस्टुला होतो. तिथे भोवतालच्या पेशीच रक्ताविना उपाशी असतात. शेजाऱ्यांच्या भरवशावर उभी असलेली ही कल्पना तिथे डळमळते. मग हाइनरिश मार्टिउसने १९२८ मध्ये सुचवल्याप्रमाणे भगोष्ठातला रक्तपुरवठ्यासह सोडवलेला चरबीचा पट्टा मध्ये आणावा लागतो. काँगोत, बुकावूच्या पांझी रुग्णालयात डॉ. डेनिस मुक्वेगे यांच्यापुढे आलेल्या, बलात्काराने विदीर्ण झालेल्या स्त्रियांचे फिस्टुले तर कोणत्याच एका साच्यात बसणारे नाहीत.

आणखी एक गोष्ट या कृतीचं कौतुक करताना विसरता येत नाही: तिचा विषय बहुतेक वेळा आपल्याच व्यवसायाने निर्माण केलेला आहे. गर्भपिशवी काढतानाच निळं द्रावण भरून वा दुर्बिणीने मूत्राशय तपासलं, तर बरीच इजा टेबलावरच सापडते आणि तिथेच शिवता येते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न इतका गाजला, की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गरज नसताना पिशवी काढली, तर हजारातल्या एखादीची ही जोखीमही तिच्यावर फुकटच लादली जाते. लाट्झकोने छिद्राजवळ हात आवरायला शिकवलं. तोच संयम त्या पहिल्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना दाखवला, तर त्याची ही सुंदर कृती पुष्कळ कमी वेळा करावी लागेल. आणि तिच्या खऱ्या रसिकाला त्याचं वाईट वाटणार नाही.