नऊ मैलांची बाजू

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या महाघळींचा वृत्तांत जॉन वेस्ली पॉवेलने १८७५ साली सरकारी अहवाल म्हणून प्रसिद्ध केला. उन्हाळ्याच्या सुटीत तो मी शब्दकोश उशाशी ठेवून वाचला. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. तरी काही पानांनी झोप उडवली.

एक प्रसंग सांगतो. पॉवेल कड्यावर चढतो आहे. उजवा हात १८६२ च्या शायलोच्या लढाईत गेलेला. मध्येच असा अडकतो, की वर जाववत नाही नि खाली उतरवत नाही. डाव्या हाताने खडक धरून चवड्यांवर उभा! वर पोहोचलेल्या ब्रॅडलीजवळ दोर नाही. तो आपली आतली विजार काढून खाली सोडतो, आणि पॉवेल खडक सोडून ती पकडतो. वर्गात हे सांगितले तेव्हा मुले विजारीला हसली आणि लगेच गप्प झाली.

पण ब्रॅडलीनेही रोजनिशी ठेवली होती. तीत हा प्रसंग सुमारे तीन आठवड्यांनी, नदीच्या बऱ्याच खालच्या भागात घडतो. एवढ्यावर भागते तर मी बोललो नसतो; आम्ही कादंबरीवाले दुसरे काय करतो? मीही दोन मामांचा एक मामा केला आहे. परंतु पॉवेल नदीत दोनदा उतरला होता, १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१-७२ मध्ये. दुसऱ्या सफरीतले अनुभव त्याने पहिलीत मिसळले, आणि तिच्यातली माणसे नदीच्या कथेतून गाळली. अहवालाला हे शोभत नाही.

नकाशात तर ते चालतच नाही, वाचकहो! नकाशाचे काम होते त्याच्या बहिणीच्या नवऱ्याकडे, थॉम्प्सनकडे. हा गृहस्थ पूर्वी शाळाखात्यातला, म्हणून मला अंमळ जवळचा. कनॅब गावाजवळ त्यांनी सुमारे नऊ मैलांची सरळ रेषा जमिनीवर मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून एखाद्या शिखराचे कोन घेतले की त्रिकोण जमतो. त्याच्या बाजूवर दुसरा, मग तिसरा. पहिली बाजू फुगवली तर सारा मुलूख फुगतो.

१८७३ च्या प्रारंभी तो कच्चा नकाशा पत्र्याच्या नळकांड्यात घालून सॉल्ट लेककडे नेला डेलनबॉने. सफरीला निघाला तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा होता. १९०८ मध्ये त्याने दुसऱ्या सफरीची हकीकत स्वतः लिहिली. भाषा साधी, कुठे कुठे रेंगाळणारी. पण होड्यांतल्या प्रत्येकाचे नाव तीत आहे.